वाडी रिकामी असताना जाऊ नका: कातकरवाडीतली पटकथा लिहायला राहायचं असेल तर

मी पहिल्यांदा गेले ती जानेवारीत. लेखनाची दोन महिन्यांची रेसिडेन्सी, म्हणजे एका संस्थेने दिलेली राहून लिहायची सोय, मिळाली होती. अलिबागजवळ चौलच्या नारळी-पोफळीत जुनं कौलारू घर, ओसरीवर लिहायला टेबल आणि अर्जात मीच लिहून दिलेला विषय: रायगडमधल्या एका कातकरी आदिवासी कुटुंबावरची पटकथा. घरापासून वीस मिनिटं चाललं की डोंगराच्या अंगाला एक कातकरवाडी लागते. तिचं नाव मी इथे लिहीत नाही, त्याचं कारण पुढे येईल. पहिल्याच सकाळी वही घेऊन तिथे पोचले. बावीस घरं, आणि त्यातल्या सतरा घरांच्या दारांना बाहेरून तार पिळलेली. एका अंगणात एक आजी दोन शाळकरी नातवंडांना घेऊन उन्हाला बसली होती. माणसं कुठे गेली म्हणून विचारलं तर ती म्हणाली, "भट्टीवर. आता पावसाच्या तोंडाला येतील."

तारखा संस्थेने ठरवल्या होत्या आणि मी त्या न विचारता मान्य केल्या होत्या. तेव्हा पहिली सूचना हीच: रेसिडेन्सीच्या तारखा वाडीच्या वर्षावरून ठरवा.

ते वर्ष साधारण असं चालतं. दिवाळी झाली की जोडपी वीटभट्टीवर नाहीतर कोळशाच्या भट्टीवर निघतात. कुणी पेण-पनवेलकडे, कुणी घाट चढून देशावर, कुणी थेट कर्नाटकात. परततात मे संपता संपता. जूनच्या पहिल्या सरींना रानात शेवळं ही रानभाजी वर येते, ओढ्यांना वलगणीचे, म्हणजे पहिल्या पुराबरोबर येणारे, मासे चढतात, तेव्हा वाडी भरलेली असते. जुलैत दुसऱ्यांच्या शेतांवर लावणी. लावणी उरकली की हाताला काम राहत नाही, धान्याचा डबा तळाला जातो, आणि नेमक्या याच दिवसांत, गणपतीच्या आगेमागे, भट्टीसाठी मजूर जमवणारा मुकादम वाडीत येऊन पुढच्या हंगामाची उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, देऊन जातो. मला विचाराल तर पटकथेला लागणारं सगळं नाट्य उचल घेतल्याच्या दिवसापासून हिशेब होण्याच्या दिवसापर्यंत पसरलेलं आहे. त्या दोन्ही दिवसांच्या जवळपास तुम्ही तिथे असलं पाहिजे.

मी दहा दिवस त्या आजीपाशी बसले आणि मग रेसिडेन्सी देणाऱ्यांकडून उरलेले दिवस मागून घेतले. त्यांनी दिले. त्याचे तीन तुकडे केले: मे महिन्यात एक आठवडा भट्टीवर, पावसाळ्यात पाच आठवडे वाडीत आणि सप्टेंबरमध्ये शेवटचे काही दिवस, लिहिलेलं वाडीला वाचून दाखवायला. असे तुकडे करून मागायला संकोच करू नका. तारखांचं कारण नीट सांगितलं तर ऐकणारे ऐकतात.

अर्जात काय लिहायचं

'वंचितांचा आवाज', 'उपेक्षितांची वेदना' हे शब्द अर्जात घालू नका. माझ्या पहिल्या अर्जात ते होते, आणि त्यांच्याआड माझ्याकडे गोष्टच नव्हती. दुसऱ्या वेळी मी एकच वाक्य लिहिलं: एका कातकरी बाईला स्वतःच्या नावावर विजेचं मीटर हवं आहे, आणि त्यासाठी लागणारे पैसे उभे करायला ती नवऱ्यासोबत एक हंगाम वीटभट्टीवर जाते.

हे वाक्य त्या आजीने दिलं. विजेचा खांब वाडीच्या तोंडाशी उभा आहे. पलीकडच्या फार्महाऊसच्या कुंपणावर रात्रभर दिवे असतात. पण वाडी ज्या जमिनीवर तीन पिढ्या बसली आहे ती जमीन दुसऱ्याच्या नावावर, आणि मालकाच्या संमतीचा कागद नसला की मीटरचा अर्ज पुढे सरकत नाही. मांडव्याची रो-रो, म्हणजे गाड्यांसकट माणसं नेणारी बोट, सुरू झाली 2020 मध्ये, मुंबई तासाभरावर आली, इथल्या जमिनीचे भाव चढले, तशी ही संमती आणखी महाग झाली. गोष्टीत माणसाला काहीतरी हवं असलं पाहिजे. कातकरी माणूस पडद्यावर आला की तो नुसता सोसत असतो, त्याला हवं असं काही नसतंच. तुमच्या पटकथेतली ही पहिली दुरुस्ती समजा.

अंदाजपत्रकात भाषेच्या मदतनीसाचं मानधन स्वतंत्र ओळीत लिहा. गोष्ट सांगण्याचे पैसे मात्र देऊ नका. गोष्टीला भाव लागला की तुम्हाला जे ऐकायचं आहे तेच लोक सांगू लागतात, आणि त्यात त्यांचा काही दोष नसतो. पण कुणाचा कामाचा दिवस तुम्ही घेतलात तर लावणीला चालू असेल ती मजुरी त्याच संध्याकाळी हातात द्या.

जाण्याआधी वाचायचं ते

कातकरी हे नाव कातावरून आलं. खैराचा गाभा तासून त्याच्या चिपट्या उकळायच्या, पाणी आटवत न्यायचं आणि उरलेल्याच्या वड्या पाडायच्या. हा या लोकांचा धंदा होता. इंग्रजांच्या जंगल कायद्यांनी खैरावर हात टाकणं गुन्हा ठरवला आणि धंदा गेला. मग लाकूडतोड, कोळसा, वीट. महाराष्ट्रात आदिम जमाती, म्हणजे आदिवासींमधल्याही सगळ्यात असुरक्षित, म्हणून तीनच नोंदल्या आहेत: कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. आणि कृपा करून कातकरी आणि ठाकर एक समजू नका. दोन्ही समाज रायगडच्या डोंगरांत शेजारी राहतात, पण भाषा वेगळी, देव वेगळे, जंगलाशी नातं वेगळं. जुलै 2023 मध्ये दरड कोसळली ती इर्शाळवाडी ठाकरांची. एका निर्मात्याच्या टेबलावर मी असा आराखडा पाहिला आहे ज्यात ती कातकऱ्यांची करून टाकली होती. असल्या चुकीने वाडीतला वाचणारा मुलगा पहिल्या पानावरच तुमच्यावरचा विश्वास काढून घेतो.

पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत दोन दिवस घालवा. पेणच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात जाऊन सध्या कोणत्या योजना चालू आहेत ते विचारा. 15 नोव्हेंबर 2023 ला आदिम जमातींसाठी केंद्र सरकारची पीएम-जनमन योजना सुरू झाली, तिच्यात पक्क्या घराची तरतूद झाली. पण पायाखालची जमीन कुणाची, हा प्रश्न प्रत्येक वाडीत नव्याने उभा राहतो, आणि तो पटकथेच्या कामाचा आहे. 1883 चं कुलाबा जिल्ह्याचं गॅझेटियर वाचाल तेव्हा ते राज्य करणाऱ्याने लिहिलंय हे लक्षात ठेवा. वस्तूंची नावं, कामाच्या पद्धती तिथून घ्या. स्वभावाबद्दलचे शेरे तिथेच सोडा.

चिरनेर विसरू नका. उरण तालुक्यातल्या या गावी 25 सप्टेंबर 1930 ला जंगल सत्याग्रहावर गोळीबार झाला, आणि मेलेल्यांत नाग्या कातकरी होता. वाडीतल्या एका घराच्या कुडावर त्याच्या नावाचा कार्यक्रमाचा फलक चिकटवलेला मी पाहिला. माझ्या पटकथेत नायिकेचा नवरा जंगल खात्याच्या माणसापुढे एकदाच मान वर करतो, आणि त्या प्रसंगात त्याच्या पाठीमागे कुडावर तोच फलक आहे. त्यावर एकही संवाद लिहिलेला नाही.

कुणाची कोण ते आधी सांगा

मी अलिबागजवळच्या नागावची. आमच्या अष्टागरात, म्हणजे या किनाऱ्यावरच्या बागायती गावांत, 'वाडी' म्हटलं की आधी डोळ्यांपुढे सुपारीची वाडी येते, कातकरवाडी नंतर. आजीच्या वाडीत एक कातकरी बाई झावळ्या ओढायला, पाणी लावायला येत असे. मी सहा-सात वर्षांची असेन. तिला चहा मिळायचा तो पडवीच्या खाली, अंगणात. तिची कपबशी वेगळी. पिऊन झालं की ती स्वतःच विसळायची आणि वळचणीला, वाशाच्या खाचेत उपडी ठेवायची. माझ्या आजीला मी फार प्रेमळ बाई म्हणून ओळखते, आणि ती कपबशी तिनेच ठेवली होती.

वाडीत तिसऱ्या दिवशी त्या जानेवारीच्या आजीने विचारलं, "नागावची म्हंजे कुनाची?" मी घर सांगितलं. तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "निल्या काठाची कपबशी."

मला आजही नीट सांगता येत नाही की त्या क्षणी मला काय वाटलं. आमच्याकडे कामाला यायची ती तिची थोरली बहीण. ती आता नाही. मी काही बोलले नाही, माफी वगैरे मागितली नाही, कारण ती मागितली असती तर आजीलाच मला समजावत बसावं लागलं असतं. तिने चहा केला. बिनदुधाचा, गूळ घातलेला. एकाच प्रकारच्या दोन स्टीलच्या पेल्यांतून आम्ही तो प्यायलो.

म्हणून सांगते: तुम्ही कोकणातले असाल तर तुमचं घर तिथे माहीत असतं. लपवू नका. कुणाची मुलगी, कुणाचा नातू, जमीन किती, हे पहिल्या भेटीत स्वतःहून सांगा. शहरातून येत असाल तर कुणी पाठवलं, पैसे कोण देतंय, लिहिलेल्याचं पुढे काय होणार, तेही सांगा. मोठ्या बायकांना मावशी, आजी म्हणा. त्या तुम्हाला ताई म्हणतील, काही जणी मॅडम म्हणतील. मॅडमचं ताई व्हायला मला बारा दिवस लागले. आणि समोर येईल तो चहा प्या. फोन पहिला आठवडाभर पिशवीतून बाहेर काढू नका.

कामाबद्दल विचारा

"तुम्हाला काय त्रास होतो?" या प्रश्नाचं उत्तर वाडीला पाठ आहे. पाहणी करणाऱ्या इतक्या लोकांनी तो विचारला आहे की उत्तर सरळ येतं: रस्ता नाही, पाणी नाही, लाइट नाही. सगळं खरं, पण प्रसंग त्यातून निघत नाही. कामाबद्दल विचारा. त्याहून बरं म्हणजे कामाला बरोबर जा.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मी दोन बायकांबरोबर शेवळं काढायला गेले. पहाटे साडेचारला निघालो. शेवळं म्हणजे जमिनीतून वर आलेला जांभळट कोंब, मिटलेल्या छत्रीसारखा. त्या चालता चालता वाकत, मुळाशी दोन बोटं घालत आणि किंचित पीळ देऊन कोंब अख्खा वर काढत. मी ओढला तो मधेच तुटला. घरी आल्यावर एकीने साफ करायला शिकवलं: बाहेरचं आवरण सोलायचं, आतल्या दांड्याचा पिवळा भाग काढून टाकायचा, कारण तो घशाला खाजतो, आणि शिजवताना काकडं, म्हणजे आंबट रानफळं, घालायची, म्हणजे उरलीसुरली खाज मरते. बाजारात जुडी घेणारी बाई भाव पाडताना म्हणते, "रानातलं तर आहे, तुम्हाला कुठे विकत घ्यावं लागलं?" हे वाक्य त्या दिवशी अलिबागच्या बाजारात माझ्यादेखत चार वेळा ऐकू आलं. विकणारी काहीच बोलली नाही. तिने जुडीतला एक कोंब काढून बाजूला ठेवला आणि जुडी कमी भावात दिली. कोंब काढला हे घेणारीला कळलंही नाही.

तो एक कोंब माझ्या पटकथेच्या नवव्या पानावर आहे. नायिका कोण, तिला किती समजतं, ती कशी लढते, हे सगळं तिथे कळतं. मी समोर बसून मुलाखत घेतली असती तर हे मला कुणीही सांगितलं नसतं, कारण त्यांच्या लेखी ती सांगण्यासारखी गोष्टच नाही.

रोज रात्री तीन वेगळ्या वह्यांत लिहा. एकीत पाहिलेलं, दुसरीत ऐकलेलं, तिसरीत मला वाटलेलं. एकत्र लिहिलंत की चार दिवसांत तुमचं वाटणं त्यांच्या तोंडी जातं आणि मग ते वेगळं करता येत नाही.

हिशेबाचा प्रसंग

भट्टीवर जायचं तर वाडीतल्या एखाद्या कुटुंबाचे पाहुणे म्हणून जा. शेठच्या ओळखीने गेलात तर तुम्ही शेठचे पाहुणे ठरता आणि सगळे तसंच बोलतात. मी एका जोडप्याकडे सात दिवस होते. रात्री दोन-अडीचला उठायचं, माती कालवायची, उजाडायच्या आत थापायला बसायचं. नवरा कालवलेल्या मातीचा गारा आणून टाकतो, बायको साच्यात भरते, हाताने सारखं करते, साचा उलटा करते. मजुरी जोडीला मिळते, हजार विटांमागे. आठवड्याला खायला खर्ची मिळते, तीही वहीत चढते.

राहायची झोपडी कच्च्या विटा एकावर एक रचून केलेली, वर गवत आणि प्लास्टिक. त्या बाईने आतल्या भिंतीवर कोळशाने रेघा ओढल्या होत्या. एक रेघ म्हणजे एक हजार. अक्षरओळख नाही, पण रेघांमध्ये चूक नाही: दर दहाव्या रेघेला वरून आडवी रेघ. हंगाम संपला की झोपडी मोडतात आणि तिच्या विटाही भट्टीत रचतात. म्हणजे हिशेबाच्या दिवशी तिची वही भट्टीत भाजायला गेलेली असते, आणि शेठची वही टेबलावर असते.

हे दिसलं तेव्हा मला माझ्या सिनेमाचा मध्यबिंदू मिळाला. तरीही पहिल्या खर्ड्यात तो प्रसंग मी वाया घालवला होता. त्यात शेठ ओरडत होता, नायिका रडत होती, पोर घाबरून आईला बिलगत होतं. टीव्हीसाठी दहा वर्षं लिहिल्यावर हात आपोआप तिकडे जातो. दुसऱ्या खर्ड्यात आकडे लिहिले. माझ्या पटकथेतले आकडे असे आहेत: उचल 40,000. चोवीस आठवडे, दर आठवड्याला 1,500 खर्ची, म्हणजे 36,000. दर हजारी 700. तिच्या रेघा 120, म्हणजे 84,000. उचल आणि खर्ची वळती करून तिला 8,000 मिळायला हवेत, आणि मीटरला तेवढे पुरतात. शेठच्या वहीत मात्र 104 हजार विटा आहेत. मार्चमधल्या अवकाळीने भिजलेल्या सोळा हजार त्याने वजा केल्या. पाऊस पडला तो कुणाच्या खात्यावर, एवढाच प्रश्न. 104 हजारांचे होतात 72,800. म्हणजे जोडप्याच्याच अंगावर 3,200 शिल्लक, पुढच्या हंगामात फेडायचे.

आता शेठला ओरडायची गरज उरली नाही. तो चहा मागवतो, पोराला बिस्किटाचा पुडा देतो, वही त्यांच्याकडे फिरवून म्हणतो, "बघा बाई, तुमच्यासमोर आहे." आणि ती वाचता न येणाऱ्या पानाकडे बघते. प्रसंग अडीच पानांचा आहे, अडीच मिनिटांचा. तुमच्या गोष्टीत पैसा असेल तर आकडा लिहा, त्याची बेरीज-वजाबाकी प्रेक्षकाला करू द्या. वाडीतल्या कुठल्याही बाईला हा हिशेब तोंडी येतो, तेव्हा लेखकालाही तो आलाच पाहिजे.

संवाद

माझी भाषेची मदतनीस आश्रमशाळेत दहावीपर्यंत शिकलेली, वाडीतलीच एकोणीस वर्षांची मुलगी होती. कातकरी बोली मराठीला जवळची आहे, आणि हा जवळपणाच फसवतो. आपल्याला वाटतं की 'ळ'चा 'ल' आणि 'ण'चा 'न' केला की झालं. तसल्या भाषेने मालिकांनी आजवर गावाकडच्या माणसाला हास्यास्पद करून ठेवलं आहे. मी संवाद साध्या मराठीत लिहिले, तिने ते मोठ्याने तिच्या बोलीत म्हटले, आणि मी तिचं म्हणणं लिहून घेतलं. टायटलमध्ये तिचं नाव संवाद-साहाय्य म्हणून जाणार, हे आधी कागदावर ठरवलं.

तिची सगळ्यात मोठी मदत शब्दांची नव्हती. हिशेबाच्या प्रसंगात नायिका शेठला म्हणत होती, "आमचं काय चुकलं?" मुलगी थांबली. म्हणाली, "हे ती शेठला नाय बोलनार. रस्त्याला लागल्यावर नवऱ्याला बोलेल. आनि नवऱ्यालाच शिव्या घालील." मी तो संवाद तिथून काढला आणि पुढच्या प्रसंगात, डांबरी रस्त्यावर, डोक्यावर भांड्यांचं गाठोडं असताना घातला. पुढचा अर्धा सिनेमा त्यामुळे सुटला. 'आम्ही गरीब माणसं' हे वाक्यही तिने तीन ठिकाणी खोडलं. असं आपसात कुणी म्हणत नाही.

जे लिहायचं नाही

लोक विश्वासाने शिकारीच्या गोष्टी सांगतील. सशाच्या, घोरपडीच्या. घोरपड वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षण असलेल्या यादीत, आहे. तुम्ही वाडीचं नाव दिलंत, ओळखू येईल असा ओढा दाखवलात आणि वर तो प्रसंग लिहिलात, तर उद्या जंगल खात्याची गाडी तिथे जाईल आणि तुम्ही मुंबईत असाल. जमिनीच्या वादाचंही तसंच. म्हणून वाडीचं नाव नाही, भट्टीचं नाव नाही, ट्रकचा नंबर नाही. कुणा मुलावर अत्याचार झाल्याचं कळलं तर त्याची ओळख पटेल असं काहीही कुठेच लिहायचं नाही, मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पॉक्सो कायद्यानेही त्याला बंदी आहे. देवाच्या कार्याला मला बोलावलं, पण लिहू नको म्हणाले. मी लिहिलेलं नाही.

संमती तोंडी घेतली तरी चालते, पण एकदा घेऊन भागत नाही. मी तीनदा विचारलं: ऐकताना, लिहून झाल्यावर आणि वाचून दाखवल्यावर. दोन बायकांनी तिसऱ्या वेळी नको म्हटलं, आणि त्यांचे प्रसंग गेले. त्यातला एक फार चांगला होता.

आणि भट्टीवर कुणाला कर्जापोटी अडकवून ठेवलेलं दिसलं, जाऊ देत नाहीत असं दिसलं, तर त्या क्षणी तुमचं लेखकपण बाजूला ठेवा. वेठबिगार पद्धत 1976 च्या कायद्याने बंद झाली आहे, तसलं कर्जही कायद्याने बुडतं, आणि कारवाईची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांची आहे. मात्र त्या कुटुंबाला विचारल्याशिवाय परस्पर काही करू नका. तुमच्या तक्रारीनंतरची रात्र त्यांना तिथेच काढायची असते.

वाचन

सप्टेंबरमध्ये समाजमंदिरात दोन संध्याकाळी मिळून आम्ही 98 पानं वाचली. अर्धी मी, अर्धी त्या मुलीने. पत्र्यावर पाऊस इतका की मधे थांबावं लागायचं. प्रसंगांची वर्णनं वाचू नका, तोंडाने सांगा. 'आतील, रात्र' असलं काही ऐकवू नका.

शेवळाच्या जुडीतला कोंब काढला तिथे बायका मोठ्याने हसल्या. मी तो प्रसंग करुण म्हणून लिहिला होता. घरी जाऊन त्याचा सगळा सूर बदलला. नायिका अंगावर पिणारं पोर सासूकडे ठेवून भट्टीवर जाते, असं मी लिहिलं होतं. एक बाई उठूनच उभी राहिली: "अंगावरचं पोर कोन ठेवतं गं?" मग पोर भट्टीवर आलं, साच्याशेजारी झोळीत निजलं, आणि हिशेबाच्या प्रसंगात बिस्किटाचा पुडा हातात घेणारं तेच झालं. रेघांच्या प्रसंगाला कुणी काही बोललं नाही. एका आजोबांनी शेवटी एवढंच विचारलं, "मग मीटर लागला का?" माझ्या त्या खर्ड्यात शेवट मोकळा सोडलेला होता. त्यांना तो पसंत पडला नाही, आणि मला कारणही देता आलं नाही.

वाचनाला शेठ, मुकादम, जमिनीचे मालक यांच्यापैकी कुणी येणार नाही अशी वेळ निवडा. आणि वाचनानंतर निदान तीन दिवस तिथेच राहा. खऱ्या दुरुस्त्या दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर येतात.

फाईल बाहेर जाण्याआधी

निर्मात्याला पाठवायच्या आधी पटकथा स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये नोंदवा. करारात तीन गोष्टी लिहून घ्या, तोंडी मान्यतेवर सोडू नका: मदतनीसाचं नाव टायटलमध्ये, तुमच्या मानधनातला ठरलेला वाटा वाडीला, आणि सिनेमा पुरा झाला की पहिला खेळ वाडीत. मी दहा टक्के लिहिले आहेत, ते बायकांच्या बचत गटाच्या खात्यात जातील. एका निर्मितीसंस्थेने ही अट काढा म्हणून सांगितलं, तेव्हा मी पटकथा परत घेतली. कॉपीराइट तुमच्या लिखाणावर असतो, माणसांच्या आयुष्यावर नसतो, त्यामुळे कायदा याबाबतीत तुम्हाला काहीच करायला लावत नाही. जे करायचं ते करारातच करावं लागतं.

निघताना मी मोठ्या अक्षरांतली बांधलेली एक प्रत मदतनीस मुलीकडे ठेवली, आणि दोन्ही संध्याकाळींचं ध्वनिमुद्रण चार जणांच्या फोनमध्ये घालून दिलं, कारण वाचणाऱ्यांपेक्षा ऐकणारे जास्त आहेत. वाडीतली जोडपी आता पुन्हा भट्टीवर निघतील. शेवटचा प्रसंग मी नव्याने लिहिते आहे. मीटर लागतो. कुडावर, फलकाच्या शेजारी. बाईच्या नावावर. तो कुणाच्या संमतीने लागतो ते लिहायला मात्र मला येत्या मे महिन्यात परत जावं लागेल.